गोव्याच्या दमट हवेत कॅम्पर व्हॅनची डिकी कशी लावावी

कॅम्पर व्हॅनच्या फरशीखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या जागेत किंवा मागच्या चाकांच्या पलीकडे, बाहेरून उघडणारा जो कप्पा असतो त्याला आपल्याकडे बसच्या सवयीने सगळे डिकीच म्हणतात. बहुतेक कुटुंबे ही डिकी घरातल्या माळ्यासारखी वापरतात, म्हणजे जे रोज लागत नाही ते आत सरकवायचे आणि दार लावून घ्यायचे. परंतु माळा आणि डिकी यांचा स्वभाव अगदी उलट आहे. जुन्या घरातला माळा कौलांखाली आणि चुलीच्या धुराच्या वाटेवर असल्यामुळे घरातली सर्वांत कोरडी जागा असे, आणि म्हणूनच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सोलं, मिरच्या आणि सुकी मासळी तिथे पावसाळाभर टिकत. डिकी मात्र गाडीतली सर्वांत खालची आणि रस्त्यावरच्या पाण्याला सर्वांत जवळची जागा आहे. त्यामुळे इथे किती मावेल हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी इथे काय कोरडे राहील, इथे किती वजन चालेल आणि रस्त्याच्या कडेला उभे असताना हाताला काय लागायला हवे, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत, आणि तीही याच क्रमाने.

आमची गाडी प्रवासी मिनीबसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली आहे आणि ती डिचोलीला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. पुढे जे लिहिले आहे ते तिच्या दोन बाजूंच्या डिक्या आणि आतल्या फरशीतली एक झडप लावताना जमलेले, आणि काही वेळा फसून शिकलेले, आहे. गाडी विकत घेतलेली असो किंवा बांधून घेतलेली, पद्धत तीच राहते. नव्याने पेटी बसवून घेणार असाल तर एक गोष्ट आधी पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही, म्हणून गाडी कारागिराकडे नेण्याआधी वाहतूक कार्यालयात विचारणा करून घ्यावी.

पहिले काम: डिकी पूर्ण रिकामी करणे

लावण्याची सुरुवात भरण्याने होत नाही. डिकीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून अंगणात ताडपत्रीवर मांडावी, आतली चटई उचलावी आणि रिकाम्या डिकीत आधी नाकाने तपासणी करावी. दार उघडताच कुबट वास आला तर पाणी कुठून तरी आत येते आहे किंवा आत आलेले बाहेर पडत नाही आहे, हे नक्की समजावे. त्यानंतर कोपऱ्यांत बोट फिरवावे. कोपऱ्यात तांबडी माती चिकटलेली आढळली तर ती पाण्याबरोबरच आत आलेली असते. आपल्याकडची माती या बाबतीत फार प्रामाणिक साक्ष देते, कारण पाणी सुकून गेले तरी तिचा डाग राहतो आणि तो पाण्याच्या वाटेवर बोट ठेवतो.

गळती शोधण्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिली रात्री करायची. डिकीत एक जोरदार विजेरी किंवा एलईडी दिवा लावून ठेवावा, दार बंद करावे, अंगणातले दिवे मालवावेत आणि गाडीभोवती हळूहळू फिरावे. दाराच्या कडेने जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे रबराचे बीडिंग दाराला टेकत नाही. खाली वाकून फरशीच्या सांध्यांकडे आणि वायरी जिथून आत जातात त्या भोकांकडेही पाहावे, कारण उजेड तिथूनही डोकावतो. ज्या भोकांचा काही उपयोग नाही ती सीलंटने बुजवावीत. मात्र सर्वांत खालच्या कोपऱ्यातली निचऱ्याची भोके कधीही बुजवू नयेत. ती बुजवली की आत आलेले थोडेसे पाणीही तळ्यासारखे साचून राहते. उंदरांची भीती असेल तर त्या भोकांवर बारीक स्टीलची जाळी बसवावी.

दुसरी चाचणी पाण्याची. डिकीच्या तळावर आणि आतल्या भिंतींवर जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने लावावीत, दार बंद करावे आणि बागेच्या पाइपने पाणी मारावे. येथे सर्वसाधारण चूक होते ती अशी की माणसे वरून, पाऊस पडतो तसे पाणी मारतात. धावत्या गाडीला डिकीच्या पातळीवर खरे पाणी वरून लागत नाही, ते चाक फेकते आणि तेही खालून वर, तिरके आणि जोराने. म्हणून पाइप जमिनीजवळ धरून, चाकाच्या बाजूने दाराच्या खालच्या कडेवर आणि कोपऱ्यांवर प्रत्येक दाराला दहा मिनिटे तरी धार धरावी. नंतर दार उघडले की ओल्या कागदावरून पाणी कुठून आले हे स्पष्ट दिसते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. एका आषाढीला आम्ही चोर्ला घाटाने बेळगावमार्गे पंढरपूरला गेलो होतो. गाडी नुकतीच वरून पाणी मारून तपासलेली होती. घाटात पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर सतत पाणी वाहत होते. बेळगावच्या पुढे थांबून डावी डिकी उघडली तेव्हा घरून नेलेल्या चार सतरंज्यांपैकी खालच्या दोन पिळता येतील इतक्या भिजलेल्या होत्या आणि वरच्या दोन अगदी कोरड्या होत्या. बीडिंग मागच्या खालच्या कोपऱ्यात, जेमतेम बोटभर लांबीचे, दबून सपाट झालेले होते. चाकामागचा चिखलरोधक रबरही आखूड होता, त्यामुळे चाकाने उडवलेले सगळे पाणी नेमके त्याच कोपऱ्यावर येत होते. बीडिंग बदलले आणि चिखलरोधक लांब केला, त्यानंतर आजपर्यंत ती डिकी गळलेली नाही.

बीडिंग ठीक आहे की नाही हे कागदाच्या पट्टीने पाहता येते. दाराच्या कडेवर आठ-दहा ठिकाणी पट्टी ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडकत-अडकत निघाली तर रबर नीट दाबले जात आहे, आणि लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली तर तिथे दार टेकत नाही. अशा वेळी लगेच नवे बीडिंग आणू नये. आधी कुलपाची जीभ किंवा बिजागरीचे स्क्रू आवळून दार आत ओढता येते का ते पाहावे, कारण पुष्कळदा रबर चांगले असते आणि दारच सैल झालेले असते.

ओल आणि मीठ

पाणी आत येणे थांबवले म्हणजे ओल थांबली असे नाही, आणि गोव्यात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत हवेतच इतके बाष्प असते की कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. डिकीला निचऱ्याची भोके असल्यामुळे तिच्यातली हवा म्हणजे बाहेरचीच हवा असते. त्यामुळे डिकीत ओल शोषणाऱ्या पुड्या किंवा डबे उघडे ठेवण्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण त्या बिचाऱ्या पुड्या साऱ्या गोव्याची हवा सुकवू शकत नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सामानाबरोबर. रंग बदलला की त्या मंद आचेवर कोरड्या तव्यात किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल चांगली शोषतात, परंतु शोषलेले पाणी त्यांच्यात खारट द्रवाच्या रूपाने साचते आणि गाडी वळणावर कलली की ते सांडते. धातूच्या तळावर ते सांडणे म्हणजे आपण होऊन गंज आणणे होय. म्हणून चालत्या गाडीच्या डिकीत मी ते वापरत नाही.

पावसाळ्यात हवा लागावी म्हणून डिकीची दारे उघडी ठेवण्याची पद्धत आहे. तिचा फायदा फक्त ऊन पडले असेल तरच होतो. बाहेर रिपरिप चालू असताना दार उघडे ठेवले तर ओलीच हवा आत जाते. त्यापेक्षा शेडमध्ये गाडी उभी करून डिकीच्या तोंडाशी टेबल पंखा दोन तास लावणे अधिक उपयोगी पडते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मात्र दुपारचे कोरडे ऊन आणि उघडी दारे यांच्यासारखा दुसरा उपाय नाही.

ओलीची आणखी एक वाट आहे, जी सहसा लक्षात येत नाही. गाडी उभी असताना आत एसी चालू असेल तर फरशी गार पडते आणि तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे डिकीच्या छताला, थंड पाण्याच्या तांब्याला येतो तसा घाम येतो. सकाळी डिकी उघडल्यावर वरच्या सामानावर थेंब दिसले तर छप्पर गळते असे समजून सीलंट लावत बसू नये. एसीच्या नळ्यांवर बसवतात त्या काळ्या नायट्राइल फोमची चादर डिकीच्या छताला आतून, मध्ये हवा न राहील अशी चिकटवावी. घाम येणे बंद होते.

आता मिठाविषयी. किनाऱ्यावर गाडी उतरवण्यास गोव्यात बंदी आहेच, पण मोरजी, केरी किंवा पाळोळ्याला किनाऱ्यापासून चार पावलांवर गाडी उभी केली तरी खारा वारा तिला रात्रभर चाटत असतो. मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे मिठाचा थर बसलेला धातू कोरडा दिसला तरी कोरडा राहत नाही. बांधणीत सर्रास वापरला जाणारा अॅल्युमिनियमचा खडबडीत पत्रा आणि त्यावर बसवलेले साधे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू यांचा जिथे संबंध येतो तिथे हे नीट पाहायला मिळते. स्क्रूच्या डोक्याभोवती पिठासारखी पांढरी भुकटी जमलेली दिसते. ती नखाने खरवडली तर खाली पत्र्याला बारीक खळगे पडलेले आढळतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी असे झाले की एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर बसवणे आणि भोकात थोडे सीलंट भरणे. कडी, बिजागरी आणि कुलपे बदलायची वेळ आली तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस मागावे. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ पेक्षा अधिक टिकते.

किनाऱ्यावरून घरी परतल्यावर गाडीचे छप्पर धुण्याआधी डिकीच्या दारांच्या कडा, बिजागऱ्या आणि तळाची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. कुलपाच्या छिद्रात तेल घालू नये, कारण त्यावर खाणपट्ट्यातली धूळ बसून चिखल होतो. त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी.

तळावर काय अंथरायचे हा प्रश्नही ओलीशीच जोडलेला आहे. काथ्याची चटई सुंदर दिसते आणि घसरत नाही, परंतु ती पाणी धरून ठेवते आणि तिच्याखालचा पत्रा कधीच सुकत नाही. नुसती प्लायची फळी टाकली तर तिच्या कडा फुगतात. न्हाणीघरात घालतात तशी जाळीदार प्लास्टिकची चटई सर्वांत योग्य आहे. तिच्यामुळे सामान तळापासून एक-दीड सेंटिमीटर उंच राहते आणि खालून पाणी निचऱ्याच्या भोकाकडे वाहू शकते.

वजनाचा हिशेब

डिकीत जागा दिसते म्हणून सामान वाढते आणि वजन कुणीच मोजत नाही. गाडीच्या नोंदणीपुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि सामानासह जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि त्या मर्यादेत माणसे, पाणी, बिछाने, भांडी, सगळे आले. पाण्याचे गणित सोपे आहे, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की दीड माणूस गाडीत बसल्यासारखे असते. १४.२ किलो गॅसचा घरगुती सिलिंडर भरलेला असताना बाटल्यासकट साधारण ३० किलोचा होतो. इन्व्हर्टरला वापरतात ती १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी एकटीच पन्नास किलोच्या वर जाते. अंदाजावर न राहता, सहलीला निघताना जशी भरता तशी गाडी भरून एकदा वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन पाहावे आणि नंतर पूर्ण गाडी. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या चाकांवरचा भार.

हा वेगळा आकडा का हवा, ते उदाहरणाने सांगतो. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेतीन मीटर अंतर आहे आणि मागच्या डिकीतले सामान मागच्या चाकांच्या १.४ मीटर मागे आहे. तिथे १०० किलो ठेवले तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, १४० किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा भार ४० किलोने कमी होतो, कारण मागची चाके तरफेच्या मधल्या टेकूसारखी काम करतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू हलके लागते. सपाट रस्त्यावर ते बरेही वाटते, पण अनमोडच्या ओल्या वळणावर त्याचा अर्थ गाडी वळायला उशीर करते असा होतो. म्हणून जड वस्तू मधल्या डिकीत, दोन चाकांच्या दरम्यान, तळाशी आणि आतल्या भिंतीला लागून ठेवाव्यात. मागच्या डिकीत फुगीर पण हलके सामान असावे, जसे घडीच्या खुर्च्या, छत्री-तंबू, रिकाम्या बादल्या. डावीकडे आणि उजवीकडेही भार सारखा असावा. एका बाजूला पाण्याची टाकी असेल तर अवजारांची पेटी दुसऱ्या बाजूला जावी.

मागचा भार आपल्याकडे आणखी एका ठिकाणी नडतो, ते म्हणजे फेरीबोटीवर. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो. मागची डिकी जड असेल तर गाडीचे बूड आधीच बसलेले असते आणि चढताना डिकीचा तळ उतारावर घासतो. रायबंदरहून चोडणला जाताना आमच्या डिकीच्या तळाच्या पत्र्याला असाच एक लांब ओरखडा पडला आणि त्याच ओरखड्यातून पुढे गंज सुरू झाला. तेव्हापासून फेरीने जायचे असेल तर आम्ही मागच्या डिकीतले पाण्याचे जार मधे आणून ठेवतो आणि शक्यतो भरतीची वेळ पाहून निघतो.

काय कुठे ठेवावे

या टप्प्यावर अंगणात मांडलेल्या सामानाकडे पुन्हा पाहावे. जी वस्तू मागच्या दोन सहलींत एकदाही वापरली नाही ती घरात जावी. अपवाद फक्त संकटात लागणाऱ्या वस्तूंचा. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी आहे, त्यामुळे बाहेर पेटवायची मोठी शेगडी, कोळसा आणि लोखंडी जाळी हे सामान इथेच फिरणाऱ्या कुटुंबाने वाहून नेण्याचे कारण नाही. आमच्या गाडीतून केवळ तेवढे काढल्यावर अर्धी डिकी मोकळी झाली.

डावी डिकी ही सर्वांत मोलाची जागा आहे. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी थांबवतो, म्हणजे डावे दार वाहतुकीपासून दूर उघडते. जॅक, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, पाना, टायरमध्ये हवा भरायचा पंप, परावर्तक त्रिकोण आणि हातमोजे हे सगळे डाव्या डिकीच्या तोंडाशी असावे, आणि तेही अशा रीतीने की समोरचे काहीही न उतरवता ते बाहेर काढता येईल. रात्री अकरा वाजता पावसात टायर बसल्यावर आधी खुर्च्या, मग बादल्या, मग चटया रस्त्यावर काढून ठेवाव्या लागल्या तर ती डिकी चुकीची लावलेली आहे. अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र डिकीत मुळीच ठेवू नये. ती आत, दाराजवळ, कुलपाशिवाय असावी.

उजव्या डिकीत मुक्कामाला पोहोचल्यानंतर निवांतपणे लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात: विजेची लांब वायर, पाण्याचा पाइप, गाडी समतल उभी करायचे ठोकळे, दोऱ्या. यात पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप कधीही एका क्रेटमध्ये येऊ देऊ नयेत, त्यांचे रंगही वेगळे असावेत. पाइप गुंडाळल्यावर त्याची दोन्ही तोंडे एकमेकांना जोडून टाकावीत. त्यामुळे आत उरलेले पाणी डिकीत ठिबकत नाही आणि आत पालीची पिल्ले किंवा मुंग्याही शिरत नाहीत. वायर पूर्ण गुंडाळलेली असताना तिच्यावर जास्त भार टाकू नये, ती तापते. वापरताना ती सगळी उलगडावी.

सामान सुटे न ठेवता क्रेटमध्ये ठेवावे. ओल्या होणाऱ्या वस्तूंसाठी भाजीवाल्यांकडे असतात तसे जाळीचे क्रेट आणि कोरड्या राहायला हव्यात अशा वस्तूंसाठी रबराची कड असलेल्या झाकणाचे डबे, असे दोनच प्रकार पुरेत. क्रेट विकत घेण्याआधी डिकीचे माप घेताना आतली रुंदी मोजून भागत नाही, दाराच्या चौकटीचे मापही घ्यावे, कारण चौकट आतल्या मापापेक्षा लहान असते आणि दुकानात अगदी बरोबर वाटलेला क्रेट दारातच अडकतो. प्रत्येक क्रेटच्या बाजूला बोट जाईल एवढी फट सोडावी आणि दोनपेक्षा जास्त क्रेट एकावर एक रचू नयेत. खोल डिकीत मागचा क्रेट काढायला आत रांगावे लागते, म्हणून मागच्या क्रेटच्या कडीला दोरी बांधून तिचे टोक दारापर्यंत आणून ठेवावे. ओढले की क्रेट चटईवरून सरकत पुढे येतो. घसरत्या रेल्स बसवून घेतात त्यापेक्षा ही दोरी हलकी, स्वस्त आणि न गंजणारी आहे, हे माझे मत आहे.

सगळे लावून झाल्यावर ते बांधणे बाकी राहते. जोराचा ब्रेक लागला की वीस किलोची पेटी पंधरा-सोळा किलोच्या जोराने पुढे ढकलली जाते, आणि रबरी ताणपट्टा एवढे सहन करत नाही, तो ताणला जाऊन पेटीला वाट देतो. जड वस्तूंसाठी रॅचेटचा, म्हणजे दांडी हलवून आवळत नेण्याचा, पट्टा आणि तो अडकवायला गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या कड्या हव्यात. नुसत्या प्लायला स्क्रूने बसवलेली कडी उपटून येते. रबरी पट्टे खुर्च्या आणि चटया एकत्र धरून ठेवण्यापुरते ठीक आहेत.

आतल्या फरशीतल्या झडपेखाली जो उथळ कप्पा असतो, तो पावसात बाहेर पाऊल न टाकता ज्या वस्तू लागतात त्यांच्यासाठी राखावा. रेनकोट, जादा विजेरी, फ्यूज, चिकटपट्टी आणि गाडीच्या कागदांच्या प्रती तिथे ठेवाव्यात. या झडपेवर सामान किंवा पायपुसणे न ठेवण्याची शिस्त घरातल्या मुलांनाही लावावी.

खाण्याच्या वस्तूंविषयी थोडे. गाव सोडून निघाले की आपल्यापैकी प्रत्येकाबरोबर कोकमाचे आगळ, खोबरेल आणि सुके बांगडे असतातच. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यातच न्यावी, नाही तर तिचा वास सतरंज्यांत मुरतो आणि रात्री उंदीर गाडीचा पत्ता शोधत येतात. आगळाची बाटली मात्र डिकीत नकोच. आगळ आंबटही असते आणि खारटही, आणि अॅल्युमिनियमला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. आमची एक बाटली एकदा आडवी झाली आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. तो लालसर डाग घासून गेला, पण त्याखाली पत्र्याला पडलेले बारीक खळगे आजही बोटाला लागतात.

गॅस, बॅटरी आणि पेट्रोल

इथे कुठलीही तडजोड करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळला तर तो वर उडून जात नाही, तळाशी साचतो, आणि डिकी हा गाडीचा तळच आहे. म्हणून सिलिंडर इतर सामानाच्या डिकीत ठेवू नये. त्याच्यासाठी स्वतंत्र कप्पा असावा, तो राहण्याच्या जागेपासून पूर्णपणे बंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी, कधीही न झाकली जाणारी वायुछिद्रे असावीत. सिलिंडर उभाच ठेवून पट्ट्याने बांधावा, गाडी चालू असताना त्याचा व्हॉल्व्ह बंद असावा आणि त्या कप्प्यात ठिणगी पडू शकेल असे कोणतेही विजेचे उपकरण, अगदी छोटा दिवाही, नसावा.

लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्याला वायुछिद्र वरच्या बाजूला हवे. गॅसला खाली, बॅटरीला वर, असा हा उलटा हिशेब असल्यामुळे या दोघांना एका कप्प्यात ठेवण्याचा विचारही करू नये. जनरेटरसाठी पेट्रोलचा डबा बंद डिकीत नेऊ नये, त्याची वाफही जड असते आणि तळाशी साचते. डास-मुंग्यांचे फवारे आणि रंगाचे दाबबंद डबे सायलेन्सरच्या बाजूच्या डिकीत ठेवू नयेत. तळाच्या पत्र्याला लांबच्या प्रवासानंतर हात लावून पाहिले तर कोणती बाजू तापते हे लगेच कळते.

यादी आणि पावसाळ्याची विश्रांती

प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव असावे आणि दाराच्या आतल्या बाजूला त्या डिकीतल्या वस्तूंची प्लास्टिकमध्ये बंद केलेली यादी चिकटवावी. यापेक्षा जास्त यादीचा पसारा वाढवू नये, तो कोणी पाळत नाही.

ज्यांची गाडी पावसाळ्यात उभी राहते त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या कडक उन्हाचा फायदा घेऊन, डिकी पूर्ण रिकामी करावी. गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात उघडी ठेवावी, बिजागऱ्यांना ग्रीस लावावे आणि रबराच्या बीडिंगवर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा, म्हणजे ते चौकटीला चिकटत नाही. चार महिने दार घट्ट लावून ठेवले तर बीडिंग दबून सपाट होते, म्हणून गाडी शेडमध्ये असेल तर दार आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर जाडीची लाकडी पट्टी ठेवून दार नुसते टेकवून ठेवावे आणि त्या फटीवर आतून बारीक जाळी लावावी, नाही तर उंदीर तिथेच संसार थाटतात. पंधरा दिवसांतून एकदा पंखा लावून आतली हवा हलवावी. चवथीच्या सामानासाठी गाडी बाहेर काढायची असेल तर त्याच्या आदल्या आठवड्यात पट्टी काढून दार लावावे, दोन दिवस रबराला आकार घेऊ द्यावा, आणि मग पाइप जमिनीजवळ धरून, खालून वर, पुन्हा एकदा पाणी मारून पाहावे.